सर्व्हर आपल्या घरात, पण दाराची चावी कुणाकडे?



आधी एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावात अत्याचाराचे प्रकरण घडले. आम्ही ओझरचे काही कार्यकर्ते पीडित कुटुंबासोबत उभे होतो. एफआयआरची प्रत, जातीचे दाखले, वैद्यकीय अहवाल, साक्षीदारांची नावे आणि फोन नंबर असे सगळे कागद मोबाईलने स्कॅन केले आणि एका फुकटच्या ऑनलाइन ड्राइव्हवर टाकले. वकिलांना आणि दुसऱ्या तालुक्यातल्या कार्यकर्त्यांना पटकन दिसावे म्हणून लिंक सगळ्यांना खुली ठेवली. लिंक एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून दुसऱ्यावर गेली, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. आठवडा उलटला नाही तोच गावच्या पारावर एका साक्षीदाराला अडवून विचारले गेले, "तुझं पण नाव आहे म्हणे त्यात?" तो माणूस पुढे कोर्टात उभा राहिला की नाही हे इथे सांगत नाही. ती लिंक मी बनवली होती, एवढे मात्र सांगतो.

यात ड्राइव्हवाल्या कंपनीचा दोष नव्हता. मी जे बटण दाबले तेच तिने केले. दोष आमच्या सवयीचा होता. मोर्चाचा फोटो, जयंतीची पत्रिका आणि साक्षीदाराचा फोन नंबर आम्ही एकाच पेटीत ठेवत होतो, आणि ती पेटीही दुसऱ्याच्या घरात होती. आपले कागद कुठे राहतात, त्यांचे दार कोण उघडतो आणि कोण आत येऊन गेला याची नोंद कुणाकडे असते, हा प्रश्न आपण चळवळीत विचारतच नाही. या लेखात तो विचारायचा आहे, आणि त्याचे एक उत्तरही सुचवायचे आहे. विषय तांत्रिक आहे म्हणून कृपा करून पुढे सरकू नका. हा विषय इंजिनिअरांचा असण्याआधी मालकीचा आहे.

बाबासाहेबांना मालकीचा हा प्रश्न फार लवकर कळला होता. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला, हे आपण सगळे भाषणात सांगतो. पण त्यापुढचा धडा सांगत नाही. बाबासाहेब दुसऱ्याच्या पानावर जागा मागत बसले नाहीत. ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ अशी पत्रे त्यांनी काढली आणि चळवळीचा स्वतःचा छापखानाही उभा केला. छपाईचे यंत्र ज्याचे, त्याला कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

आज आपले यंत्र कुठे आहे? ऑर्कुटवर आपल्या मुलांनी केलेले वाद, जमवलेले लेख ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झाले तेव्हा गेले. याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० ला बंद झाले. पंधरा-वीस वर्षांची पत्राचारी चर्चा त्यात होती. जपून ठेवणारे थोडेच निघाले. यात कुणी कारस्थान केले नाही. मालकाला दुकान परवडेना, त्याने शटर ओढले. भाडेकरूला कुणी विचारत नाही.

मग उपाय साधा वाटतो. कागद आपल्या जागेत, आपल्या यंत्रावर ठेवा. आमच्या अभ्यासिकेत असा एक जुना लॅपटॉप आहे. स्क्रीनला तडा गेलाय, कीबोर्डची चार बटणे निघालीत. नोकरीतून निवृत्त झालेल्या एका काकांनी तो दिला. आम्ही त्यावर लिनक्स टाकले. जयंतीच्या जुन्या स्मरणिका, हस्तपत्रके, कॅसेटवरून उतरवलेले जलसे, स्पर्धा परीक्षांच्या प्रश्नपत्रिका असे सगळे त्यावर आहे. बॅटरी अजून तग धरून आहे, म्हणून वीज गेली तरी यंत्र लगेच बंद पडत नाही. वीस वॅटच्या आसपास वीज खातो, म्हणजे चोवीस तास चालू ठेवला तरी महिन्याला पंधरा युनिटच्या आत.

अडचण पुढेच आहे. अभ्यासिकेच्या वायफायवर हे सगळे झकास दिसते. पण पुण्याच्या होस्टेलवर राहणाऱ्या आपल्या मुलीला ते दिसत नाही. का दिसत नाही, हे समजून घेतले पाहिजे, कारण इथेच दुसरा मालक हळूच आत येतो.

इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, एकूण पत्ते सुमारे ४३० कोटी. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले. तेव्हापासून इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात. आपल्या इथल्या एचएएल टाउनशिपच्या गेटचे उदाहरण घ्या. आतल्या माणसाला बाहेर जायला अडचण नाही. त्याने बाहेरून बोलावलेला पाहुणा नाव सांगून आत येतो. पण बाहेरचा कुणी अनोळखी माणूस गेटवर येऊन नुसते "भाऊ राहतात ना, त्यांच्याकडे जायचंय" म्हणाला तर त्याला परत पाठवले जाते. आपला लॅपटॉप अशा गेटच्या आत आहे. तुमच्या राउटरच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुम्हीही त्याच गेटच्या आत आहात असे समजा.

म्हणजे गंमत बघा. आपण इंटरनेट वापरू शकतो, पण इंटरनेटवर उभे राहू शकत नाही. घ्यायला मोकळीक, द्यायला बंदी. कुणी मुद्दाम आपल्यासाठी ही बंदी घातलेली नाही, सगळ्याच सामान्य ग्राहकांवर ती आहे. पण ज्याच्याकडे पैसे आहेत तो वेगळा स्थिर पत्ता विकत घेतो, आणि ज्याच्याकडे नाहीत तो कायमचा ग्राहकच राहतो. नव्या आयपीव्ही६ पत्त्यांनी हा प्रश्न पुढेमागे सुटेल, पण अनेक राउटर बाहेरून येणारी जोडणी तिथेही अडवतात आणि सगळ्या वाचकांकडे आयपीव्ही६ नसते.

आज या कोंडीतून बाहेर पडायचे तीन रस्ते आहेत.

पहिला रस्ता म्हणजे राउटरमध्ये पोर्ट उघडून यंत्र सरळ रस्त्यावर मांडणे. सीजीनॅटमध्ये तो बहुधा चालतच नाही, आणि स्थिर पत्ता असेल तरी मी तो सुचवणार नाही. इंटरनेटवर उघडे दार दिसले की काही मिनिटांत कुलूप हलवून बघणारे प्रोग्राम येतात. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेले साठेक पासवर्ड एकेक करून लावले आणि लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. विहारात बसवलेल्या सीसीटीव्हीचा पासवर्ड अजून ‘अ‍ॅडमिन’ असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी तो बदलून या.

दुसरा रस्ता कंपनीच्या टनेलचा. टनेल म्हणजे बोगदा. आपले यंत्र आतून कंपनीच्या सर्व्हरला फोन लावते, तो चालू ठेवते, आणि बाहेरचा वाचक कंपनीच्या दारातून त्या चालू फोनवरून आपल्यापर्यंत येतो. गेटचा प्रश्नच उरत नाही, कारण फोन आतून लावलेला आहे. एनग्रोक, क्लाउडफ्लेअर टनेल या त्याच प्रकारच्या सेवा आहेत. क्लाउडफ्लेअरने एप्रिल २०२१ पासून टनेल फुकट केले. दहा मिनिटांत काम होते. आम्हीही सुरुवात यातूनच केली आणि ते चुकले असे म्हणत नाही.

पण यातली मेख समजून घ्या. ब्राउझरमध्ये दिसणारे कुलूप वाचकापासून कुठपर्यंत असते? अशा सेवांच्या सर्वसाधारण वापरात ते कंपनीच्या सर्व्हरपर्यंत असते. तिथे ते उघडते, आणि पुढे दुसऱ्या कुलपात आपल्या घरी येते. मधल्या खोलीत पत्र उघडे असते. कंपनी ते वाचते असा माझा आरोप नाही. ती वाचू शकते, आणि कुणी कायद्याने किंवा दबावाने वाचायला लावले तर आपल्याला कळणारही नाही, एवढाच मुद्दा आहे. शिवाय खाते बंद झाले की दार बंद. म्हणजे सर्व्हर आपल्या घरात आणला, पण चावी पुन्हा शेजारच्या वाड्यात ठेवली.

तिसरा रस्ता आपल्या टनेलचा. एक लहानसा सर्व्हर भाड्याने घ्यायचा, त्याला व्हीपीएस म्हणतात. महिन्याला चार-पाचशे रुपयांत मिळतो आणि त्याला स्वतःचा सार्वजनिक पत्ता असतो. त्यावर टनेलचे एक टोक, अभ्यासिकेतल्या लॅपटॉपवर दुसरे टोक. दोन्हीकडचे सॉफ्टवेअर आपण बसवायचे. वायरगार्ड हे यातले सर्वात भरवशाचे साधन. मार्च २०२० पासून ते लिनक्सच्या गाभ्यातच आहे. त्याचा मूळ कोड जेमतेम चार हजार ओळींचा, म्हणून तपासायला सोपा. प्रत्येक यंत्राच्या दोन किल्ल्या असतात. एक सगळ्यांना द्यायची, दुसरी यंत्राबाहेर कधीच जाऊ द्यायची नाही. ज्याची किल्ली नोंदलेली नाही त्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही. दार वाजवणाऱ्याला घरात कुणी आहे की नाही हेही कळत नाही.

एफआरपी आणि रॅटहोल ही दुसरी दोन साधने. एखादी सेवा व्हीपीएसवरून घरच्या यंत्राकडे वळवायला ती सोपी पडतात. पँगोलिन नावाचे नवे साधन वायरगार्डवरच उभे आहे. त्यात ब्राउझरमधून सगळी मांडणी करता येते आणि कुठल्या पानाला लॉगिन हवे, कुठल्याला नको, हे ठरवता येते. हेडस्केल हे आपल्या कार्यकर्त्यांचे फोन आणि लॅपटॉप एका खासगी जाळ्यात जोडण्यासाठी. ही सगळी साधने उघड्या स्रोताची आहेत. उतरवायला पैसे नाहीत, परवानगी नाही. लेट्स एन्क्रिप्टकडून कुलपाचे प्रमाणपत्रही फुकट मिळते.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण स्वतःचा टनेल बसवणारे अनेकजण इथेच फसतात. व्हीपीएससुद्धा भाड्याचा आहे. ब्राउझरचे कुलूप तुम्ही व्हीपीएसवर उघडलेत तर मधली खोली परत आली, फक्त घरमालक बदलला. म्हणून व्हीपीएसने पाकीट न उघडता पुढे ढकलायचे आणि कुलूप अभ्यासिकेतल्या यंत्रावरच उघडायचे अशी मांडणी करा. ती करता येते. थोडे जास्त वाचावे लागते, एवढेच. मग व्हीपीएसवाल्याला कोण कुठून आले हे दिसेल, पण काय वाचले ते दिसणार नाही.

आणि कुणाला वाटत असेल की यामुळे आपण अदृश्य होऊ, तर तसे नाही. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांप्रमाणे व्हीपीएस आणि व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क ही माहिती ग्राहक सोडून गेल्यावरही ५ वर्षे ठेवायची आहे. आपण नाव लावून, बिल भरून, उघडपणे हे काम करतो. आपल्याला लपायचे नाही. आपल्या घराचे दार आपण लावायचे आहे, आणि त्यात बेकायदा काही नाही.

आता सुरुवातीच्या त्या साक्षीदाराकडे परत येऊ. चांगला टनेल असता तर ते नाव फुटले नसते का? प्रामाणिक उत्तर असे की फुटले असते. मी तीच चूक आपल्या सर्व्हरवरही केली असती. साधन बदलून सवय बदलत नाही. म्हणून आमच्याकडे आता कागदांचे तीन ढीग आहेत. पहिला ढीग सगळ्यांसाठी खुला. यात स्मरणिका, जलसे, पुस्तकांच्या याद्या, प्रश्नपत्रिका. दुसरा लॉगिन असलेल्या सभासदांसाठी. यात बैठकांची इतिवृत्ते, वर्गणीचा हिशेब. तिसरा ढीग प्रकरणांच्या कागदांचा. तो वेब पान म्हणून कुठेच दिसत नाही. वायरगार्डच्या खासगी जाळ्यात नोंदलेली मोजकी यंत्रेच तिथे पोहोचतात, डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे, आणि प्रकरण संपले की त्या यंत्रांची नोंद काढली जाते. साक्षीदारांच्या फोन नंबरांची यादी मात्र कागदावरच असते आणि वकिलांच्या कपाटात राहते. काही गोष्टी इंटरनेटवर न ठेवणे हेच त्यांचे संरक्षण आहे.

२०१५ च्या दुरुस्तीने अत्याचार प्रतिबंधक कायद्यात कलम १५ए आले आणि २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाले. साक्षीदारांची नावे व पत्ते लोकांना पाहता येणाऱ्या नोंदींतून झाकून ठेवण्याचा अधिकार त्याने विशेष न्यायालयाला दिला. कोर्टाने जे झाकायचे ते आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर उघडे केले होते. कायदा मागणाऱ्यांनी आधी स्वतः तो पाळायला शिकले पाहिजे.

आता आक्षेप घेऊ. "हे तांत्रिक काम आपल्या पोरांना झेपणार नाही," असे आपलेच काही ज्येष्ठ म्हणतात. अहो, ओझरला १९६४ साली विमानांचा कारखाना स्थापन झाला. मिगपासून सुखोईपर्यंतच्या कामात आपल्या वस्त्यांतल्या माणसांनी हात काळे केलेत. आयटीआय केलेला पोरगा विमानाचा रिव्हेट मोजून मारतो, त्याला लिनक्सच्या दहा आज्ञा जड जातील? जड जाते ते पहिल्यांदा करून बघणे. ज्ञान आपले नाही असे सांगणाऱ्यांवर आपण भाषणे देतो, आणि कॉम्प्युटरसमोर बसलो की तेच वाक्य स्वतःला सांगतो.

"सांभाळणार कोण? आज उत्साह आहे, उद्या पोराला नोकरी लागली की यंत्र धूळ खाईल." हा आक्षेप खरा आहे. आणि याचे उत्तर ओझरच्या मातीतच आहे. वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाला असलेल्या इथल्या शेतांना पाणी मिळत नव्हते. १९९० च्या सुमारास समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र केले आणि पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचे, आपसांत वाटायचे, पट्टी आपणच गोळा करायची, चारी आपणच दुरुस्त करायची. लांबून लोक हे बघायला येतात. एका शेतकऱ्याला जे सांभाळता आले नसते ते संस्थेने सांभाळले.

पण आपण आंबेडकरी आहोत, म्हणून या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या पाण्याला सातबारा लागतो. ज्याला जमीन नाही त्याला त्यात वाटा नाही. १९५९ साली दिंडोरी तालुक्याच्या दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, त्याचे कारण आजही संपलेले नाही. सर्व्हरला मात्र सातबारा लागत नाही. मोडका लॅपटॉप, महिन्याला पाचशे रुपये आणि शिकायची तयारी असेल तर शेपटाला बसलेला माणूसही पाणी सोडणारा होऊ शकतो. अशी संधी आपल्याला क्वचित मिळते. ती आपण रील्स बघण्यात घालवतो आहोत.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की प्रत्येक विहाराने वेगळा सर्व्हर मांडू नये. तालुक्याला एक व्हीपीएस, त्यावर एक टनेल, आणि चार-पाच अभ्यासिकांची यंत्रे त्याला जोडलेली. किमान तीन माणसांना सगळे काम आले पाहिजे, त्यात एक तरी ताई असली पाहिजे, आणि केलेले प्रत्येक काम वहीत मराठीत लिहिलेले पाहिजे. दर महिन्याला एक दिवस अपडेटचा. अपडेट न केलेला सर्व्हर उघड्या घरापेक्षा वाईट, कारण आपण त्याला बंद समजतो. खर्चाचे म्हणाल तर व्हीपीएस, डोमेन आणि वीज मिळून वर्षाला आठ-नऊ हजार. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या एका रात्रीवर याहून जास्त उडवणारी मंडळे मी पाहिली आहेत.

"शिष्यवृत्ती मिळत नाही, नोकऱ्या जात आहेत, आणि तुम्ही सर्व्हरचे काय घेऊन बसलात?" हाही आक्षेप ऐकला. शिष्यवृत्तीचे आंदोलन करताना कुठल्या मुलाचा कितवा हप्ता अडकला याची यादी कुठे ठेवता? त्या यादीत मुलांची जात, बँक खाते, आधार असते. लढाई कुठलीही असो, कागद लागतात, आणि कागद ज्याच्या ताब्यात त्याच्या दयेवर लढाई.

यातून कुणी असा अर्थ काढू नये की फेसबुक, यूट्यूब सोडून द्यायचे. माणसे जिथे आहेत तिथे आपण बोललेच पाहिजे. पण तो आपला चौक आहे, घर नाही. चौकात भाषण करा, दप्तर घरी ठेवा.

शेवटी एक इशारा मला स्वतःलाही देतो. दादरच्या आंबेडकर भवनातला बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस, बाबासाहेबांच्या चळवळीचा छापखाना, २५ जून २०१६ ला अंधारात पाडला गेला. छापखाना आपला होता, भवन आपले होते, तरी ते वाचले नाही. मालकी असणे पुरेसे नसते, हा त्या रात्रीचा धडा आहे. आमचा लॅपटॉप उद्या चोरीला जाईल, जळेल, जप्त होईल किंवा नुसताच म्हातारा होऊन मरेल. म्हणून प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवा. एक यंत्रावर, एक वेगळ्या डिस्कवर, एक दुसऱ्या गावात. टनेलमुळे ही तिसरी प्रत रात्री आपोआप दुसऱ्या अभ्यासिकेत जाऊ शकते. आणि दर तीन महिन्यांनी ती प्रत खरोखर उघडते का, हे बघा. न उघडणारा बॅकअप म्हणजे नुसते समाधान.

सुरुवात सर्व्हरने करू नका. या रविवारी अभ्यासिकेत बसा आणि फक्त एक यादी करा. आपल्या संघटनेचा कुठला कागद कुणाच्या कुठल्या खात्यावर आहे, त्याचा पासवर्ड कुणाकडे आहे, आणि ती लिंक कुणाकुणाला उघडते. मी ती यादी केली तेव्हा एका पानावर संपेल असे वाटले होते. सहा पाने झाली, आणि त्यातल्या अकरा लिंक अजून सगळ्यांना खुल्या होत्या. त्यातली एक तीच होती.

जयभीम!